एवढे पैसे मोजून गेलो, आणि आईबाबांसमोर मेनूकार्डसुद्धा ठेवलं नाही

पूर्णाकाठ (परभणी)

हॉटेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तक्रार त्यांच्याकडं वेगळी करणार आहे. इथं मला विचारायचंय ते वेगळंच आहे.

आईबाबांच्या लग्नाला ४० वर्षं झाली. दादा-वहिनी पुण्याहून, ताई-भावजी जालन्याहून आणि आम्ही परभणीहून, म्हणून सगळ्यांना सोयीचं संभाजीनगर ठरलं. या वेळी ढाबा नको, थाळी नको, असं दादाच्या मनात होतं. पांढरे टेबलक्लॉथ, घडीचे नॅपकिन, ऑर्डर घ्यायला कॅप्टन अशा ठिकाणी आईबाबांना एकदा तरी न्यायचं. टेबल आठवडाभर आधी घेतलं होतं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर स्पष्ट लिहिलं होतं: आठ जण, दोघं ज्येष्ठ, वडिलांना इन्सुलिन चालू आहे त्यामुळं साडेआठच्या आत जेवण समोर हवं, आईचं कांदा-लसूण बंद आहे. तिकडून 'नोटेड सर' असं उत्तरही आलं.

वेळेवर पोचलो तर आमचं टेबल दुसऱ्यांना दिलेलं. बराच वेळ बाहेर सोफ्यावर बसवलं आणि मग किचनच्या दाराला लागून टेबल दिलं. दर मिनिटाला ते दार आईच्या खुर्चीमागं उघडायचं.

बाबा शेतकरी आहेत. धोतर, सदरा, टोपी. रोजचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस. कॅप्टननं आम्हा सगळ्यांना मेनूकार्ड दिलं, फक्त आईबाबांना दिलं नाही. बाबांनी स्वतः विचारलं, "यात कमी तिखट काय आहे?" त्यानं बाबांकडं न बघता दादाला उत्तर दिलं, "सर, अंकल के लिए कुछ माइल्ड करवा दें?" बाबा त्याच्यासमोर बसलेले असताना.

ऑर्डर दिल्यावर किती वेळ लागेल म्हणून विचारलं. "दस मिनट सर." त्या भरवशावर बाबांनी इन्सुलिन घेतलं. पाऊण तास काहीही आलं नाही. बाबांना घाम सुटला, हात थरथरायला लागले. साखर मागितली तर एक जण "हां जी" म्हणून गेला तो गेलाच. शेवटी वहिनी धावत काउंटरवर गेली आणि चहाच्या ट्रेमधल्या साखरेच्या पुड्या उचलून घेऊन आली.

नंतर सगळं एकदम आलं. स्टार्टर, भाज्या, भात, सगळं एका वेळी, आणि रोट्या नाहीत. आईची भाजी कांद्याच्या ग्रेव्हीत. "ग्रेव्हीत कांदा असतोच" हे तेव्हा सांगितलं. आईनं दहीभात खाल्ला. बिल आलं १६,१७० रुपयांचं. पदार्थांचे १४,०००, त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज १,४००, आणि या दोन्हींच्या बेरजेवर ५ टक्के जीएसटी ७७०. सर्व्हिस चार्ज काढा म्हटलं तर मॅनेजर म्हणाले, "पॉलिसी आहे." आईबाबांसमोर तमाशा नको म्हणून दादानं भरले.

आम्हाला राग पैशांचा नाही. जिथं माणसाची विचारपूस हीच विकली जाते, तिथं घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला कुणी विचारलंच नाही, याचा आहे. तर प्रश्न असा: असल्या ठिकाणी नेमकी कशाची अपेक्षा ठेवणं रास्त आहे? आणि आता काय करता येईल?

तेरणाथडी (धाराशिव)

आधी हे सांगा, बाबा आता कसे आहेत?

पूर्णाकाठ

बरे आहेत. साखर खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांत सावरले. विचारल्याबद्दल मनापासून आभार.

बालाघाटची (बीड)

कामून गप बसलात? लै राग आला वाचून. माझ्या सासऱ्यांचं पण असंच झालं होतं, दुसऱ्या शहरात. टोपीवाला माणूस दिसला की हा काय ऑर्डर देणार, असंच धरून चालतात. आन् पैसे त्याच माणसाच्या कापसाचे, सोयाबीनचे असतात. मेनू मराठीत का नसावा? दुकानाची पाटी मराठीत हवी म्हणून कायदा आहे ना आपल्याकडं?

अ‍ॅड_लातूर

पाटीचा कायदा आहे, २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही तो लागू झाला. पण त्यात विषय पाटीचा आहे, मेनूकार्डाचा नाही. मराठी मेनू मागणं हा आपला आग्रह असू शकतो, आणि तो धरायलाच हवा. बाकी कायद्याचं संध्याकाळी सविस्तर लिहिते.

केओटीवाला (लातूर)

मी बरीच वर्षं पुण्यात आणि आखातात हॉटेलांत होतो. स्टुअर्ड म्हणून लागलो, कॅप्टन म्हणून बाहेर पडलो. आता लातुरात केटरिंग करतो. तुमची पोस्ट वाचताना चूक कुठं कुठं झाली असेल ते मला दिसत होतं, म्हणून जरा लांब लिहितो.

पहिलं, टेबल बदललं तिथंच निम्मी गडबड झाली. बुकिंगची सूचना टेबलाच्या नंबरापुढं लिहिलेली असते. तुमचं टेबल दुसऱ्यांना गेलं तेव्हा ती सूचनाही त्या नंबरासोबत गेली. नव्या टेबलाच्या पोराला ना इन्सुलिन माहीत, ना कांदा-लसूण. चांगल्या ठिकाणी संध्याकाळी दार उघडायच्या आधी सगळ्या स्टाफला उभं करून ब्रीफिंग घेतात. आज कोण येणार, कुणाचा वाढदिवस, कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, कोण व्हीलचेअरवर, हे सगळं मोठ्यानं वाचतात. दहा मिनिटांचं काम आहे. गर्दीच्या दिवशी तेच सगळ्यात आधी गळतं, आणि खरं तर त्याच दिवशी ते लागतं.

दुसरं, सगळं एकदम आणि रोट्या नाहीत. ऑर्डर किचनला जाते तिला केओटी म्हणतात, किचन ऑर्डर तिकीट. कॅप्टननं स्टार्टर आधी पाठवून भाज्या थांबवायच्या असतात. टेबलावरचे स्टार्टर संपत आले की मग आत सांगायचं, आता पुढचं सोडा. ही नजर ठेवणं हेच त्याचं काम. तुमच्या कॅप्टननं सगळी ऑर्डर एका दमात मशीनमध्ये घातली असणार. मग आतल्यांनी आठ जणांचं सगळं जमवलं आणि एकत्र काढलं. तंदूरचा विभाग वेगळा असतो, त्याची चिठ्ठी वेगळी निघते. ती कुणी हाक मारून सांगितली नाही तर रोटी रांगेतच राहते.

तिसरं मला सगळ्यात जास्त लागलं. आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं की मेनूकार्ड प्रत्येकाच्या हातात द्यायचं. ज्येष्ठ आणि बायका यांना आधी विचारायचं, यजमानाला शेवटी. जो बोलला त्याच्याकडं बघून उत्तर द्यायचं. ऑर्डर परत वाचून दाखवायची. डावीकडून वाढायचं, उजवीकडून उचलायचं. पहिले दोन घास झाले की येऊन विचारायचं, सगळं बरं आहे ना. पाहुण्याला भाषा येत नसेल तर खाली वाकून, पदार्थ कसा लागतो ते त्याच्या ओळखीच्या चवीत सांगायचं. याला झुंबर लागत नाही, शिकवणारा लागतो.

'दस मिनट' हे उत्तर तर देऊच नये. किचनला विचारून खरा आकडा सांगायचा. इन्सुलिन ऐकल्यावर मी सर्वांत आधी साधा भात-वरण किंवा सूप टेबलावर ठेवलं असतं, बाकी ऑर्डर नंतर.

पोरांवर फार रागावू नका एवढंच म्हणेन. शनिवारी रात्री एका पोराकडं दुप्पट टेबलं येतात. त्याला कुणी नीट शिकवलेलं नसतं आणि गावात ओळखीचं कुणी नसतं.

जालनारोड (संभाजीनगर)

माझं स्वतःचं मध्यम आकाराचं रेस्टॉरंट आहे, तुम्ही गेलात ते नव्हे. दुसरी बाजू मांडतो, कारण ती कुणी मांडत नाही.

शिकलेला स्टाफ मिळत नाही. आपल्याच शहरात रौजा बागेत हॉटेल मॅनेजमेंटची नावाजलेली संस्था आहे, ताज ग्रुपच्या सहकार्यानं उभी राहिलेली. तिथली मुलं मुंबई, दुबई, क्रूझ जहाजं गाठतात. त्यांना मी अडवू शकत नाही आणि तेवढा पगार देऊ शकत नाही. माझ्याकडं ओडिशा, बंगाल, उत्तराखंडची पोरं आहेत. कष्टाळू आहेत, पण मराठी येत नाही. दुर्गापूजेला आणि होळीला निम्मी गावी जातात. आज शिकवलेला पोरगा दोन महिन्यांनी दुसरीकडं हजार रुपये जास्त मिळाले की गेला.

सर्व्हिस चार्जबद्दलही सांगतो. टिप वाढणाऱ्याच्या खिशात जाते. आत भांडी घासणाऱ्याला आणि तंदूरवर भाजून निघणाऱ्याला ती कोण देतं? सर्व्हिस चार्ज सगळ्यांत वाटला तर त्यांनाही मिळतो.

आणि मोठं टेबल असेल तर लोक वेळेवर येत नाहीत, आठ जणांचे अकरा जण होतात, ऑर्डर तीनदा बदलतात. पूर्णाकाठ यांचं तसं नव्हतं हे मान्य. इन्सुलिन लेखी कळवल्यावर जे झालं त्याला मी कुठलंही कारण देणार नाही. माझ्याकडं झालं असतं तर मी त्या रात्री बिल घेतलं नसतं.

तेरणाथडी

@जालनारोड, पोरांना मराठी येत नाही हे समजू शकते. पण मेनूकार्ड हातात द्यायला भाषा लागत नाही. बंगालच्या पोराच्या घरीही आजोबा असतातच की. त्यानं ते आपणहून केलं असतं. टोपी बघून कार्ड पुढं करू नये हे त्याला इथंच कुणीतरी शिकवलंय, किंवा मालक काय करतो ते बघून तो शिकलाय.

जालनारोड

हे बरोबर आहे. यावर माझ्याकडं उत्तर नाही.

गोदावरीमाय (नांदेड)

मी नांदेडची, म्हणून हुजूर साहिबच्या लंगरबद्दल सांगते. तिथं चप्पल काढून, डोकं झाकून सगळे एका पंगतीत बसतात. वाढणारे सेवेकरी पुन्हा पुन्हा फिरतात आणि समोर कोण बसलंय हे बघत नाहीत. पोळी घ्यायला दोन्ही हात पुढं करायचे असतात, आणि वाढणाराही ती तितक्याच आदरानं देतो. गुरू-ता-गद्दीला, म्हणजे गुरू ग्रंथ साहिबांना गुरुपद दिल्याला, ३०० वर्षं झाली, २००८ साली, तेव्हा अफाट गर्दी उसळली होती. तेव्हाही कुणी उपाशी उठलेलं मी पाहिलं नाही.

हॉटेल म्हणजे लंगर नव्हे हे मला कळतं. तिथं सेवा आहे, इथं धंदा. पण आमच्याकडं लग्नाच्या पंगतीत सुद्धा वाढप्यांच्या मागं एक मोठं माणूस फिरत असतं. त्याच्या हातात काही नसतं. तो फक्त पानं बघतो. कुणाची भाकर संपली, कुणाच्या पानात मीठ नाही, कुठल्या म्हाताऱ्याला मऊ भात हवा. केओटीवाला सांगतात तो कॅप्टन आपल्याकडं आधीपासून आहे. हॉटेलवाल्यांनी त्याला कोट घातला आणि पानं बघायचं त्याचं काम काढून घेतलं.

अंबाजोगाई_एमडी

वैद्यकीय भाग थोडक्यात. इन्सुलिन बऱ्याच प्रकारचं असतं, पण जे जेवणाआधी लगेच घ्यायचं ते बाहेर जेवताना ताट समोर आल्यावरच घ्यावं, वाढणाऱ्यानं काहीही सांगितलं तरी. तुमच्या वडिलांच्या इन्सुलिनबाबत त्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखं होणं ही साखर घसरल्याची लक्षणं. लगेच १५ ग्रॅम साखर द्यायची, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे पाण्यात विरघळवून. १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, कमीच असेल तर पुन्हा द्यायची. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना. चॉकलेट देऊ नका, त्यातल्या तेला-तुपामुळं साखर रक्तात उशिरा पोचते. तुमच्या वहिनींनी अगदी योग्य केलं.

रेस्टॉरंटवाल्यांनीही वाढप्यांच्या सामानाच्या प्रत्येक टेबलावर साखर ठेवावी आणि पोरांना सांगून ठेवावं की 'साखर द्या' ही मागणी थांबवायची नसते.

अ‍ॅड_लातूर

सकाळी म्हटल्याप्रमाणे.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या. हॉटेलनं सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही, दुसऱ्या नावानंही नाही. तो ऐच्छिक आहे हे ग्राहकाला सांगायचं. आणि तो बिलात मिळवून एकूण रकमेवर जीएसटी घ्यायचा नाही. तुमच्या बिलात यातलं जवळजवळ सगळंच मोडलंय. रेस्टॉरंट संघटना याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, त्याच महिन्यात स्थगिती मिळाली. २८ मार्च २०२५ ला न्यायालयानं त्यांच्या याचिका फेटाळल्या आणि दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाखाचा खर्च लावला. संघटना अपिलात गेल्या आहेत, पण निकाल तुमच्या बाजूचा आहे. तुमचे १,४०० आणि त्यावरचा ७० रुपये जीएसटी, असे १,४७० रुपये हक्कानं मागा.

@जालनारोड, भांडी घासणाऱ्याला वाटा मिळावा हे मला शंभर टक्के पटतं. त्यासाठी पदार्थाची किंमत वाढवा आणि पगार वाढवा. दर किती ठेवायचे ही मोकळीक तुम्हाला आहेच. ग्राहकाला आधी दिसेल अशी किंमत हवी, एवढंच कायद्याचं म्हणणं.

काय करायचं: बिल आणि व्हॉट्सअ‍ॅप संभाषण जपून ठेवा. व्यवस्थापनाला लेखी कळवा, मुदत द्या. उत्तर नाही आलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, ती मोफत आहे आणि बऱ्याच तक्रारी तिथंच मिटतात. पुढचा टप्पा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते, म्हणजे परभणीतच. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. लेखी सूचना देऊनही जे घडलं ती सेवेतली त्रुटी म्हणून मांडता येईल.

एक गोष्ट मात्र मागू नका. पाण्याच्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त घेतले असतील तरी सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये हॉटेलांना ती मुभा दिलेली आहे.

हिमरू (संभाजीनगर)

विषयाला धरूनच एक बोलतो. आमच्या शहरातल्या या महागड्या मेनूंमध्ये पास्ता मिळतो, थाई करी मिळते. नान खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, मिळत नाही. मुहंमद बिन तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली, त्या फौजेच्या भटारखान्याशी या पदार्थाचं नातं सांगतात. तो खायचा तर जुन्या शहरातच जावं लागतं. येसर आमटी, धपाटे, ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, लातूरकडची बोरसुरी तूरडाळ, वसमतची हळद यांतलं काहीही नाही. पूर्णाकाठ यांच्या बाबांनी त्या कार्डात एक तरी ओळखीचा शब्द बघितला असता तर त्यांनी स्वतः ऑर्डर दिली असती आणि कॅप्टनला त्यांच्याकडं बघावंच लागलं असतं. जे रेस्टॉरंट आपल्या भागातलं अन्न ताटात घ्यायला लाजतं, ते आपल्या भागातल्या माणसाला टेबलावर कसं वागवणार?

बालाघाटची

हिमरू दादा, शंभर टक्के.

केओटीवाला

@हिमरू, मी लग्नांत येसर आमटी छोट्या वाटीत सूप म्हणून आधी देतो. पुण्यामुंबईचे पाहुणे दुसऱ्यांदा मागतात. येसराचा मसाला घरून करून आणलेला असावा, विकतच्याला ती चव नाही.

पूर्णाकाठ

सगळ्यांचे आभार. अ‍ॅड_लातूर यांनी सांगितलं तसं पत्र लिहिलं. त्यात सर्व्हिस चार्ज आणि त्यावरचा जीएसटी परत मागितला, आणि दोन गोष्टी लिहिल्या: बुकिंगमधली वैद्यकीय सूचना टेबल बदललं तरी सोबत जाईल अशी व्यवस्था करा, आणि टेबलावरच्या प्रत्येकाच्या हातात मेनूकार्ड द्या, मराठीतलंही ठेवा.

तिसऱ्या दिवशी मालकांचा फोन आला. मॅनेजरचा नाही, मालकांचा. १,४७० रुपये परत आले. पुढच्या जेवणाचं आमंत्रण देत होते, ते आम्ही घेतलं नाही. त्यांनी बाबांशी बोलायची इच्छा दाखवली, मी फोन दिला. बाबा त्यांना म्हणाले, "पैशाचं सोडा, पण त्या पोराला कामावरून काढू नका. त्याला शिकवा." मालकांनी हो म्हटलंय. मराठी मेनू छापायला टाकलाय असंही म्हणाले, पुढच्या महिन्यात ताई जाऊन बघणार आहे.

जालनारोड

मी माझ्याकडं मराठी मेनू या आठवड्यात करतोय. संध्याकाळचं ब्रीफिंगही बंद पडलं होतं, ते परवापासून सुरू केलं. @केओटीवाला, महिन्यातून एक दिवस येऊन पोरांना शिकवाल का? मानधन देईन. मेसेज करतो.

केओटीवाला

येतो. सोमवार सोडून कधीही.

तेरणाथडी

धागा वर आलाच आहे तर विचारते. दिवाळीनंतर लातुरात पंधरा जणांचं जेवण करायचंय, आजी व्हीलचेअरवर आहे, तिला दात नाहीत. कुठं जावं?

केओटीवाला

जागेचं नाव मेसेजमध्ये सांगतो, इथं जाहिरात नको. पण कुठंही ठरवा, आधी स्वतः जाऊन बघा. दारात पायरी आहे का, टॉयलेटपर्यंत खुर्ची जाते का, टेबलाखाली खुर्चीचे हात बसतात का. फोन घेणाऱ्याचं नाव लिहून घ्या आणि त्याच दिवशी दुपारी पुन्हा फोन करून सूचना वाचून दाखवायला सांगा. आजींसाठी मऊ खिचडी किंवा वरणभात आधीच ठरवा, आणि तो बाकीच्यांच्या सूपसोबतच यायला हवा हे बजावा. शनिवार-रविवार टाळा. मंगळवारी साडेसातचं टेबल घेतलंत तर कॅप्टन तुमच्याजवळच असेल.